नवरा नसलेली कामं

शालनवहिनींना अभिनयाची जेवढी म्हणून पदकं मिळाली, ती सगळी तसल्या बाईच्या कामाला मिळाली. 'तसली बाई' हा आमच्या बारामतीकडचा शब्द. वेश्या म्हणायला आमची जीभ अडते. पेपरवाले 'देहविक्रय करणारी महिला' असं छापतात, ते वाचून होईपर्यंत चहा गार होतो. खुद्द वहिनी मात्र सरळ वेश्या म्हणायच्या आणि तेही अंगणवाडीच्या ओट्यावर बसून, पोरांच्या ताटल्या पुसता पुसता. "औंदा परत वेश्याच आहे हो, भाऊजी. फरक एवढाच, की या वेळची कविता करते."

वहिनी काटेवाडीच्या पुढं एका वस्तीवर राहतात आणि तिथल्याच अंगणवाडीत ताई आहेत. सकाळी पोरांना बडबडगीतं, दुपारी खिचडी आणि संध्याकाळी बारामतीत तालमीला. माझं बारामतीत मेडिकलचं दुकान आहे, आणि नाटकाच्या दिवसांत मी विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करतो. औषध लागू पडलं तर डॉक्टर हुशार, नाटक रंगलं तर नट हुशार. आपल्याला कुणी विचारत नाही. असो, तक्रार नाही.

वहिनींच्या बाबतीत तर मी निव्वळ शोभेला होतो. त्यांना स्वतःची वाक्यं पाठ, समोरच्याची पाठ आणि घाडगेसरांनी तालमीत कापून टाकलेलीसुद्धा पाठ. समोरचा गडी अडला, की माझ्या आधी त्या धावायच्या. "तुम्हाला असंच म्हणायचं असेल ना, साहेब, की..." असं म्हणून त्याचं वाक्य स्वतःच बोलून टाकायच्या आणि वर टाळी घ्यायच्या. इतक्या वर्षांत त्यांना मी एक शब्द सांगितला नाही. सांगायची वेळच आली नाही.

आता अंगणवाडीच्या ताई या असल्या कामात कशा शिरल्या, ते सांगतो. यात कुणाचा चावटपणा नाही. उलट सगळं अब्रूपायी झालं.

वहिनींचा नवरा संपत माझ्या वर्गातला. म्हणून त्या माझ्या वहिनी. लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर ऐन हंगामात, उसाच्या उभ्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल गेली आणि तो जागीच गेला. माहेरचे लोक न्यायला आले होते. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठल्या, गोठ्यात जाऊन धारा काढल्या आणि विषय तिथंच संपला. पुढं सासूही गेली. घरात उरले आबा, वहिनी आणि गाई.

घाडगेसर इंदापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि दर वर्षी हौशी नाटकांच्या स्पर्धेसाठी स्वतःच नाटक लिहून स्वतःच बसवायचे. आमच्याकडं नाटकाला पुरुष मागाल तितके मिळतात, भांडत येतात. बाई मिळत नाही. सरांनी कुठल्याशा कार्यक्रमात वहिनींना पोरांपुढं वाघाची गोष्ट सांगताना बघितलं. वाघ त्याच, शेळी त्याच आणि गवतही त्याच. सर वेडेच झाले. मला म्हणाले, "तुमच्या ओळखीचं घर आहे, चला." आम्ही दोघं वस्तीवर गेलो.

आबा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. सरांनी रंगभूमीची थोर परंपरा वगैरे सांगितली. आबांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"नाटकाला माझी ना न्हाय," ते म्हणाले. "आमचं वडीलबी भजनात पखवाज वाजवायचं. पर काम कशाचं हाय?"

"नायकाच्या बायकोचं, आबा. एकदम घरंदाज."

"म्हंजी गळ्यात मंगळसूत्र आलं."

"ते खोटं असतं हो."

"मणी खोटं असतील. नाव तर कुणाचं तरी असंल का न्हाय? माझ्या पोराची बायकू दुसऱ्याच्या नावाचं मंगळसूत्र घालून शंभर मान्सांत उभी राहणार? जमायचं न्हाय."

सरांचा चेहरा पडला. कप खाली ठेवता ठेवता ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाटकात दुसरी एक बाई आहे. पण ती आपल्यासमोर बोलायची सोय नाही."

"बोला की."

"ती... तसली आहे. धंदा करणारी."

मी चपला शोधायला लागलो. आबांनी मात्र सावकाश तंबाखू मळली.

"नवरा हाय का तिला?"

"नाही."

"मंगळसूत्र?"

"छे छे!"

"मग कुणाचं नाव लागायचा सवालच न्हाय," आबा म्हणाले. "करू द्या."

दारात उभ्या राहून वहिनी सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आबा, त्या बाईला कुंकू असतंय बरं का. गजराबी असतोय."

"असू दे. कुंकू तुझं तू लावायचं, गजरा तुझा तू माळायचा. मंगळसूत्र दुसरा बांधतो."

असा कायदा मी वकिलांच्या तोंडूनसुद्धा ऐकलेला नाही. परतीच्या वाटेवर सर गाडीवर मागं बसून हसत होते, आणि मलाही हसू येत होतं. पण नंतर लक्षात आलं, की आबांच्या हिशोबात काही खोट नव्हती. आपल्याकडच्या नाटकांत बाईला कामं असतात किती? बायको, आई आणि तसली. पहिल्या दोघींना मंगळसूत्र लागतं. राहिली ती वहिनींच्या वाट्याला आली. पुढं एकदा सरांनी विधवा बहिणीचं काम देऊ केलं होतं, आबांच्या अटीत बसणारं. वहिनींनी हात जोडले. "विधवेचं काम मी घरी बारा महिने करते, सर. त्याला अजून कुणी पदक दिलं नाही."

पहिल्याच वर्षी त्यांना रौप्यपदक मिळालं. मग काय, आसपासच्या सगळ्या नाटकवाल्यांना सुगावा लागला. ज्याला बक्षीस हवं, तो नाटकात एक तसली बाई घालायचा आणि वहिनींकडं यायचा. प्रत्येकाला वाटायचं, अशी वेश्या मराठीत पहिल्यांदाच लिहिली गेली आहे. वहिनी सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "दुसऱ्या अंकात ती म्हणते ना, की दिवसा शिव्या देणारेच रात्री दार वाजवतात?" लेखकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. ते वाक्य प्रत्येक नाटकात असायचं. वहिनींनी ते इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्या म्हणायच्या, मला तापात बरळायला लागलं तरी तेच येईल.

तालमीत त्यांची शिस्त अंगणवाडीची. नट गप्पा मारायला लागले, की "हाताची घडी, तोंडावर बोट!" बँकेतले अधिकारी, कारखान्यातले इंजिनियर, सगळे घडी घालून बसायचे. खडीसाखरेची पुडी पिशवीत कायम. चांगलं काम केलं त्याला एक खडा. मी प्रॉम्प्टर असल्यामुळं मला कधीच मिळाला नाही.

घाडगेसरांना भूमिकेचा अभ्यास या गोष्टीचा फार सोस. एके वर्षी म्हणाले, "शालनताई, त्या वस्तीत एकदा जाऊन येऊ. एका संस्थेशी बोलून ठेवलंय मी."

"कशाला?"

"निरीक्षणाला. त्या कशा बसतात, कशा बोलतात."

"सुप्याला हरणं बघायला जातात, तसं?" वहिनी म्हणाल्या. "जीपमधनं? सर, उद्या चार शहाणी माणसं तुमच्या घरी आली, आणि प्राध्यापकाची बायको कशी बसते ते बघू म्हणाली, तर मॅडम काय करतील?"

मॅडम काय करतील ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. निरीक्षण रद्द झालं.

त्याच वर्षी परीक्षकांनी प्रयोगानंतर वहिनींना मुद्दाम भेटायला बोलावलं. पुण्याचे नामवंत गृहस्थ होते, खांद्याला शबनम वगैरे. म्हणाले, "गिऱ्हाईक निघताना तुम्ही त्याच्या शर्टाचं बटण लावता, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो थकवा होता, तो मी मोठमोठ्या नट्यांत पाहिला नाही. कुठं अभ्यास केलात?"

"अंगणवाडीत," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"रोज पोरांची बटणं लावते की. पोर रडत येतं, हट्ट करतं, मांडीवर बसतं. एकदा पोट भरलं, की वळूनसुद्धा बघत नाही. बाजारात भेटलं तर आईच्या पदराआड लपतं, ओळख देत नाही. गिऱ्हाइकाचं याहून वेगळं काय असणार?"

परीक्षकांना तो विनय वाटला. त्यांनी शेऱ्यात 'सखोल सामाजिक निरीक्षण' असं लिहिलं आणि पदक दिलं. बाईनं काय सांगितलं ते मला मात्र कळलं होतं. ती कुणाला शिव्या देत नव्हती. तिला त्या बायकांत आणि आपल्यात काही अंतरच दिसत नव्हतं.

आणि लोकांचं म्हणाल, तर लोक कौतुकच करायचे. आम्हाला वाटलं होतं, गावात बोंब होईल, पोरांच्या आया अंगणवाडीत पोरं पाठवायच्या बंद होतील. काही झालं नाही. पदक मिळालेलं असल्यावर आपल्याकडं कशालाच कुणाची हरकत नसते. उलट आया ओट्यावर बसून चर्चा करायच्या. "ताई, काल लै ब्येस मेलात बगा. गेल्या सालच्या चाकूपक्षा हे इष बरं वाटलं." कारण नाटक कुणाचंही असो, शेवटी वहिनी मरायच्या. क्षयानं, चाकूनं, विषानं. एका लेखकानं तर काही कारणच दिलं नव्हतं, नुसती उदास होऊन मेली. घाडगेसरांना विचारलं, की बाईला मारता कशाला, तर म्हणायचे, "ही शोकांतिका आहे. ती जगली तर पुढं करायचं काय तिचं?"

घरी पदकं काचेच्या कपाटात होती. आबांनी ती कालवडीला प्रदर्शनात मिळालेल्या ढालीशेजारी लावली होती, आणि आल्यागेल्याला दोन्ही सारख्याच अभिमानानं दाखवायचे. सत्काराला तर आबा हटकून हजर. एक सत्कार मला विसरता येत नाही.

इंदापुरात महिलांचा मोठा मेळावा होता. व्यासपीठावर आबा फेटा बांधून, शेजारी वहिनी. पाहुणे म्हणून कुठल्याशा संस्थेचे एक संचालक आले होते. त्यांना येतानाच उशीर झालेला, आणि वहिनींना पदक कशासाठी मिळालं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. साहेब माईकपुढं उभे राहिले. म्हणाले, "शालनताईंनी या क्षेत्रात आपल्या भागाचं नाव राज्यभर गाजवलं. हे क्षेत्र आजवर शहरातल्या बायकांचं समजलं जायचं. पण आपल्या ग्रामीण भगिनीही यात मागं नाहीत, हे ताईंनी दाखवून दिलं. इथं बसलेल्या प्रत्येक महिलेनं त्यांचा आदर्श घ्यावा."

समोर बसलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. सूत्रसंचालक पांढरा पडला. आबांनी मात्र दणकून टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना भाषण मनापासून आवडलं होतं. वहिनी उत्तराला उठल्या. चेहरा असा, की जणू काही झालंच नाही. "साहेबांचे आभार. ज्या भगिनींना या क्षेत्रात यायचं असेल, त्यांनी घाडगेसरांना भेटावं. कामाची कमतरता नाही, पण शेवटी मरायची तयारी पाहिजे."

तेव्हा जो हशा झाला, तो मेळाव्याचा मांडव उतरेपर्यंत चालला असेल. संचालकसाहेबही हसत होते. कशाला ते त्यांना गाडीत कळलं म्हणतात.

आबांचं एक होतं. सत्काराला यायचे, नाटकाला कधी नाही. मी एकदा पास घेऊन गेलो होतो, तर म्हणाले, "न्हाय बाबा. शेवटाला मरती म्हन्त्यात ती. घरातलं मान्स मरताना बगितलंय आमी." मी पास खिशात घालून परत आलो.

अशी वर्षं गेली. वहिनींची पन्नाशी उलटली. नाटकवाल्यांनी त्यांना बढती दिली. आता त्या धंद्यातली पोरगी नाही, तर पोरी ठेवणारी मावशी. तोंडात पान, कमरेला किल्ल्या. वहिनी म्हणाल्या, "बघा भाऊजी, इतकी वर्षं इमानानं नोकरी केली, की माणूस हेडक्लार्क होतोच." पण हसल्या त्या नुसत्या ओठांनी. त्या दिवशी तालमीनंतर गजरा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला, नेहमीप्रमाणं घरी न नेता, आणि मला म्हणाल्या, "एकदा स्टेजवर नवऱ्याला चहा देऊन बघायचा होता. बिनसाखरेचा म्हणून त्यानं कुरकुर करायची, मी ऐकायचं नाही. बस्स, एवढंच. पण ते राहिलंच आता." मी म्हटलं, "पाऊस येईल, निघा लवकर." आकाश निरभ्र होतं.

घाडगेसर निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर माणसाला जे होतं ते त्यांना झालं. त्यांना स्वतःची बायको दिसायला लागली. त्यांनी एका म्हाताऱ्या जोडप्याचं नाटक लिहिलं. त्यात कुणी तसली नाही, कुणी मरत नाही. म्हातारीचं काम शालनताईंनीच करावं, असा सरांचा हट्ट. पण आबांना विचारायला ते आले नाहीत. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. वहिनींनी स्वतःच विचारायचं ठरवलं.

मी त्या दिवशी आबांच्या बीपीच्या गोळ्या द्यायला गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर झालं. आबा ओसरीत बसले होते, वहिनी शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विषय काढला.

"आबा, सरांनी नवं नाटक लिवलंय. मला त्यात म्हातारीचं काम करायचंय."

"नवरा हाय म्हण की तिला."

"हाय. लै वर्सं संसार झालाय त्यांचा."

"मग आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय. आन तुमची अट मी एकदाबी मोडली न्हाय." वहिनींचे हात थांबले. "पर आबा, नाटकात नवरा नसलेल्या बाईला कुणी जगू देत न्हाय. दर साली मेले मी. तुमी बघाय न्हाय आला, म्हणून तुमाला ठाव न्हाय. मेले, टाळ्या वाजल्या, घरी येऊन धारा काढल्या. आता एकदा पडदा पडंपतूर जगून बघायचंय मला."

मी गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचत बसलो. आबांनी ते माझ्या हातातून घेतलं.

"किती वेळ असतंय गळ्यात?"

"दोन तास."

"आन नाव?"

"मधुकर. एकदाच घ्यायचंय, उखाण्यात."

आबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले. "कर," म्हणाले. "मी येतो बघायला."

आता त्या नावाचं सांगायला हवं. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही. उखाण्यात घेते, तेही लोकांनी अडवून धरल्यावर. आणि नवरा गेल्यावर तिला उखाणा घ्यायला कोण लावणार? वहिनींच्या घरात संपतचा फोटो होता, फोटोला हार होता, पण नाव नव्हतं. वहिनी 'हे' म्हणायच्या, आबा 'त्यो' म्हणायचे. ते नाव त्या घरात मोठ्यानं कुणी घेतलेलं मी तरी संपत गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

नाटकात प्रसंग असा होता. म्हाताऱ्या-म्हातारीच्या लग्नाचा वाढदिवस, पोरंबाळं जमलेली, आणि म्हातारीला सगळे उखाण्याचा आग्रह करतात. उखाणा सरांनीच जुळवलेला. 'नीरेच्या कालव्याला पाणी आलं भरून, मधुकररावांचं नाव घेते डोईवर पदर धरून.' फार काही थोर नाही, पण खपून जाण्यासारखा. तालमीत वहिनींनी तो कितीदा घेतला, एकदाही अडखळल्या नाहीत.

आमचा प्रयोग सकाळचा होता. त्या दिवशी दोन संघ होते, आणि सकाळचा पहिला नंबर आमचा. बारामतीच्या नाट्यगृहात अर्ध्याहून जास्त खुर्च्या भरलेल्या, त्यात अंगणवाडीच्या आया मोठ्या संख्येनं, कारण ताई औंदा मरणार नाहीत ही बातमी पसरली होती. आबा पहिल्या रांगेत. धुतलेलं धोतर, नवी टोपी. मंगळसूत्र आमच्या नाना कासाराच्या दुकानातलं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्रं, नाटकाला लागणारं असलं सगळं सामान नानाच आणतो आणि प्रयोग संपला की नेऊन परत दुकानात विकायला मांडतो.

पडदा उघडला आणि वहिनी चहाचा कप घेऊन आल्या. नऊवारी, कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. विंगेतून मला पहिली रांग दिसत होती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. का ते देवाला माहीत.

उखाण्याचा प्रसंग आला. पोरांनी आग्रह केला, म्हाताऱ्याचं काम करणारे आमचे बँकेतले देशपांडे खोटं खोटं लाजले. वहिनी हसत उठल्या.

"नीरेच्या कालव्याला पाणी आलं भरून..."

आणि थांबल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबल्या. मी आनंदानं पुढं सरसावलो. म्हटलं, लेका, आली तुझी वेळ. "मधुकररावांचं," मी हळूच म्हटलं. काही नाही. "मधुकररावांचं!" या वेळी तर परीक्षकांनीसुद्धा मान वळवली. वहिनी समोर बघत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"संपतरावांचं नाव घेते डोईवर पदर धरून."

देशपांडे बावचळले. पोरांना संहितेत टाळ्या होत्या, त्यांनी त्या वाजवल्या. प्रेक्षकांतही बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही, कारण म्हाताऱ्याचं नाव नाटकात काय होतं हे कुणी ध्यानात ठेवलेलं नव्हतं. अंगणवाडीच्या आया मात्र एकदम चिडीचूप. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"ऐकू आलं न्हाय! परत घे!"

थिएटर हसलं. लग्नात असं ओरडणारा एक तरी असतोच. नवरीनं नाव घेतलं, की 'ऐकू आलं न्हाय' म्हणायचं आणि परत घ्यायला लावायचं. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. पण मी आबांना ओळखतो. शेजारच्या वस्तीवरची मोटार बंद पडली, तर या माणसाला घरात बसून कळतं. कान त्यांचे शाबूत आहेत. आणि ते हसत नव्हते. टोपी दोन्ही हातांत घट्ट धरून ते खुर्चीच्या कडेला आले होते.

वहिनी रंगमंचाच्या पुढच्या बाजूला आल्या. सगळा उखाणा पहिल्यापासून घेतला. सावकाश, मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. संपतरावांचं.

मी संहिता मिटली. प्रॉम्प्टरनं चूक सावरायची असते. मला चूक दिसली नाही.

पुढचं नाटक एखाद्या घरातल्यासारखं झालं. देशपांड्यांनी चहावर कुरकुर केली, वहिनींनी ऐकलं नाही, आणि पडदा पडला तेव्हा त्या म्हाताऱ्याशेजारी बसून लसूण सोलत होत्या. जिवंत.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला, तो आत्ताच सांगून टाकतो. आम्हाला काही मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला की, 'प्रमुख अभिनेत्री ऐन प्रसंगी पतीचे नाव विसरल्या. पाठांतर कच्चे.' अभिनयाचं पदक दुसऱ्या एका संघातल्या तरुण मुलीला मिळालं. तिनं तसल्या बाईचं काम केलं होतं आणि ती शेवटी मेली. वहिनींनी तिला फोन करून शाबासकी दिली, आणि मरताना पाय एवढ्या लवकर ताठ करायचे नाहीत, हेही सांगितलं. मी त्यांना विचारलं, "वहिनी, नाव चुकलं कसं?" तर म्हणाल्या, "तुम्ही नीट सांगितलं नाहीत. मग प्रॉम्प्टर ठेवलाय कशाला?" मी तो ठपका घेतला. दुसरं कोण घेणार?

त्यानंतर वहिनी स्टेजवर आल्या नाहीत. मला त्या आठवतात त्या प्रयोगाच्या दुपारच्या. तोंडावरचा रंग पुसून, स्वतःची साधी साडी नेसून त्या बाहेर आल्या आणि स्कूटी काढली. आबा मागं बसले, टोपीवरून त्यांनी उपरणं बांधलं. तेवढ्यात नाना कासार पायऱ्या उतरत धावत आला.

"वहिनी, मंगळसूत्र! मंगळसूत्र राहिलं की गळ्यात!"

वहिनींनी चटकन गाडी थांबवली आणि दोन्ही हात मानेमागं नेले. चेहरा लालबुंद झाला होता. आकडा काही सापडेना.

"असू दे," मागून आबा म्हणाले.

"आबा, अहो दुकानातलं आहे ते," नाना म्हणाला. "संध्याकाळी मांडायचंय मला."

"उद्या आणून देतो मी. घरापतूर जाऊ दे तिला तसंच."

नाना माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. वहिनींनी हात खाली घेतले, आरशात मागं बघून घेतलं आणि काटेवाडीच्या रस्त्याला गाडी लावली.